एक्कावन्न टक्के बेपत्ता

१

मानवजातीच्या इतिहासात ज्यांनी ज्यांनी परक्या भूमीवर निधड्या छातीने पाऊल ठेवलं, त्यांनी साम्राज्यं उभारली. आमच्या जावईबापूंनी सात खोल्यांचं गेस्ट हाउस उभारलं. त्यातल्या तीन नंबरच्या खोलीचा नळ गळतो.

जावईबापू म्हणजे माझ्या बायकोच्या भावाचे जावई. भाची आणि तिचा नवरा अशा दोघांनी मिळून हे साहस केलं, आणि नातेवाइकांनी परदेशात हॉटेल काढलं की तिथे फुकट राहून त्यांना धीर देणं हे वडीलधाऱ्यांचं कर्तव्य असल्यामुळे आम्ही दोघं तिथे महिनाभर धीर देत होतो. माझी बायको मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती. निवृत्त झाली, पण नजर निवृत्त झाली नाही. सगळे तिला रेक्टरबाई म्हणतात. एकांतात मीसुद्धा.

तपासणीच्या दिवशी सकाळी भाची दार न वाजवता आमच्या खोलीत आली. तोंडाचा रंग पार उडालेला.

"आत्या," ती म्हणाली, "एक्कावन्न नाहीत."

"पुन्हा मोजून बघ," मी म्हणालो.

"आतोबा, थट्टा नको ना! एक्कावन्न म्हणजे आमचे भागीदार. ते खोलीत नाहीत. आणि... आणि तिथे रक्त आहे."

रेक्टरबाईंनी चष्मा लावला. तीस वर्षांच्या संसारात मी हे लक्षण ओळखतो. मी मुकाट्याने चपला घातल्या.

जिना उतरता उतरता भाचीने जे सांगितलं ते असं. इथल्या कायद्याने परदेशी माणसाला हॉटेल काढता येतं, पण त्याचा हिस्सा एकोणपन्नास टक्क्यांच्या वर जाता कामा नये. उरलेले एक्कावन्न टक्के स्थानिक नागरिकाच्या नावावर हवेत. परदेशी मालकाने पाहुण्याकडे बघून हसायला हरकत नाही. त्याची बॅग उचलली की गुन्हा, कारण मग ते काम झालं आणि कामाचा परवाना वेगळा. मी तर पर्यटक. मी नॅपकिनची घडी घातली असती तरी ती बेकायदा नोकरी ठरली असती. लग्नानंतर आळशीपणाला कायद्याचा आधार मला पहिल्यांदाच मिळाला होता.

तर हे एक्कावन्न टक्के बाळगणारे गृहस्थ सात नंबरच्या खोलीत राहत. वय झालेलं, कानात श्रवणयंत्र, ओठांवर झुबकेदार मिशी. काम एकच: सही करणं. गावात चाळीस वर्षं त्यांचं दुकान होतं, सगळे ओळखत होते, म्हणून जावईबापूंनी त्यांना गळ घातली होती. आणि यंदा नवा नियम निघाला होता. तपासणीच्या दिवशी स्थानिक भागीदाराने नागरिकत्वाचं कार्ड घेऊन साहेबांसमोर जातीने उभं राहायचं.

"आणि नाही राहिलं तर?" मी विचारलं.

"हॉटेलला सील. परवाना रद्द. आमचा व्हिसा परवान्यावर आहे, आतोबा. घर विकून आलोय आम्ही. परत जायचं तर जायचं कुठे?"

"आणि ते मेले असतील तर?" रेक्टरबाईंनी विचारलं.

भाची जिन्यावर थांबली. "मग सगळे आमच्याकडेच बोट दाखवतील. काल रात्री त्यांना गरम पाणी द्यायला शेवटचे हेच गेले होते."

हे म्हणजे जावईबापू. ते सात नंबरच्या दाराशी उभे होते आणि दाराच्या चौकटीला धरून उभे होते, कारण चौकट सोडली असती तर ते राहिले नसते.

२

खोली लहान, नीटनेटकी. पलंग आवरलेला. पलंगाखाली काळे बूट, चकचकीत, टाचेला टाच लावून. टेबलावर श्रवणयंत्र. खिडकीची कडी आतून लागलेली. भांड्यातलं पाणी गार झालेलं, वर साबणाचा पांढरा तवंग.

आणि बेसिनमध्ये लाल डाग. टॉवेलवर आणखी. पांढऱ्या टॉवेलवर लाल रंग फार मोठ्याने बोलतो.

"अरे देवा," भाची पुटपुटली.

रेक्टरबाई बेसिनवर इतक्या वाकल्या की मला वाटलं वास घेताहेत. त्यांनी बोटाच्या टोकाने काहीतरी उचललं, उजेडात धरलं, रुमालात ठेवलं. मग पलंगाखाली पाहिलं, दारामागे पाहिलं.

"घरात ते काय घालत होते पायात?"

"सपाता," जावईबापू म्हणाले. "तपकिरी. मागून चेपलेल्या."

"त्या कुठे आहेत?"

भाचीने पलंगाखाली पुन्हा पाहिलं. तिथे फक्त बूट होते.

"श्रवणयंत्र ते कधी काढत?"

"झोपतानाच. एरवी नाही. त्यांना त्याशिवाय ढग गडगडले तरी कळत नाही." जावईबापूंचा आवाज चिरकला. "आत्या, कोणीतरी त्यांना झोपेत... मागून येऊन..."

"झोपेत माणूस पलंग आवरत नाही," रेक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी श्रवणयंत्र पर्समध्ये टाकलं.

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला.

धप्. मग काही नाही. मग पुन्हा, धप्.

वरून येत होता की बाजूने, कळेना. पाहुणा एकही नव्हता. तपासणीसाठी सगळ्या खोल्या रिकाम्या ठेवल्या होत्या. भाचीने माझा दंड धरला. मी तिला धीर देण्यासाठी बायकोचा दंड धरला. बायकोने कुणाचाच धरला नाही.

आवाज थांबला. खालून दरवाजाची घंटा वाजली, आणि आमच्या चौघांपैकी तिघांनी एकाच वेळी उडी मारली.

३

वकील आले होते. भागीदारीचे कागद त्यांनीच केलेले. घामाघूम, गळ्यातला टाय उलटा. रेक्टरबाईंना इथली भाषा येत नाही, पण त्यांचा प्रश्न सगळ्यांना समजतो. उत्तरं भाचीने मराठीत आणायची. परदेशी मालकाला भाषांतराला परवाना लागतो का, हे मी वकिलांना विचारलं नाही. घाबरले असते.

"तुम्ही इतके का घाबरलात?" रेक्टरबाईंनी सुरुवात केली.

"मी? मी कुठे?" वकिलांनी टाय सरळ करताना आणखी आवळला. "तपासणीसाहेब दुपारी यायचे ते आताच निघालेत, हे सांगायला आलो."

भाची खुर्चीत बसली.

"भागीदार मेला तर हिस्सा कुणाला जातो?"

"वारसांना. त्यांना वारस नाही. मग वाद मिटेपर्यंत सील."

"म्हणजे त्यांना मारून इथे कुणाचाच फायदा नाही."

"समोरच्या हॉटेलवालीचा आहे," वकील पटकन म्हणाले. "हे बंद पडलं की तिचं चालेल. ही जागा विकत मागत होती ती."

"आणि भागीदारात काही खोट निघाली तर? मेला नाही, पळाला नाही, पण कायद्याला चालणारा नाही, असं निघालं तर?"

वकिलांनी प्रश्न विचित्र असल्यासारखं पाहिलं. "तपासणीच्या आधी मालकाने स्वतःहून सांगितलं तर दुसरा भागीदार आणायला मुदत मिळते. तपासणीत त्यांनी पकडलं तर सील. पण सांगणार काय? भागीदार बेसिनमधून वाहून गेला?"

"त्यांचं नागरिकत्वाचं कार्ड तुम्ही पाहिलं होतं?"

"बाई, चाळीस वर्षं ज्याच्या दुकानातून अख्खं गाव छत्र्या घेतं, त्याला कार्ड कोण विचारतो? दुकानाचा जुना परवाना होता. तेवढा पुरला."

रेक्टरबाईंनी हं म्हटलं. त्यांचा हं वसतिगृहात फार भीतीने ऐकला जायचा.

धप्, असं वरून कुठेतरी झालं. वकिलांनी छताकडे पाहिलं आणि विचारलं, "आणखी कोण आहे इथे?"

हेच आम्हाला त्यांना विचारायचं होतं.

४

समोरची हॉटेलवाली स्वतःच आली. बातमी रस्ता ओलांडायला परवाना घेत नाही.

"गेला ना म्हातारा?" ती दारातूनच म्हणाली. "मला वाटलंच. काल संध्याकाळी मी त्याला सांगितलं, उद्या साहेबांपुढे ताठ उभा राहा हो, कार्ड नीट पूस. तर तो असा पांढरा पडला! माझ्या दारातली खुर्ची धरली त्याने."

"तुम्ही त्यांना धमकावलंत," भाची म्हणाली.

"मी? अगं पोरी, मला तुझी जागा हवी आहे, पण रोख देऊन. म्हातारा मारून जागा मिळत असती तर या रस्त्यावर एक म्हातारा उरला नसता." मग जरा थांबून, "तो साधा होता गं. फार साधा. दारावरची प्रत्येक सूचना पूर्ण वाचायचा. आमच्या गावात कुणी वाचतं का?"

रेक्टरबाईंनी तिला चहा द्यायला सांगितलं. चहा द्यायची परवानगी या घरात एकाच माणसाला होती, म्हणून स्वयंपाक्याला हाक मारली.

स्वयंपाकी आला तो हातात सुरी घेऊन, आणि सुरी लाल होती.

वकील खुर्चीमागे गेले. जावईबापूंनी स्वतःला बायकोच्या पुढे टाकलं. हे मला आवडलं. मी होतो तिथेच राहिलो. ते बायकोला आवडलं नाही.

"सुरी इकडे द्या," रेक्टरबाई म्हणाल्या.

"टोमॅटो आहे."

"द्या."

दिली. त्यांनी ती नॅपकिनमध्ये गुंडाळून पर्समध्ये टाकली. वसतिगृहात अशाच जप्त झालेल्या वस्तूंचं एक कपाट होतं, आणि त्यातलं परत काही मिळाल्याचं इतिहासात नोंदलेलं नाही.

"काल रात्री त्यांच्याशी भांडलात?"

"रोज भांडतो. त्यांना मीठ कमी लागतं, मला माणसासारखं लागतं." स्वयंपाकी एवढा निवांत होता की मला त्याचीच सगळ्यात भीती वाटली. आमची सगळ्यांची पाचावर धारण बसलेली, आणि हा कान खाजवतोय.

"तुम्ही इथलेच?"

"आजोबांचे आजोबासुद्धा."

"कार्ड आहे?"

"असेल कुठेतरी." त्याने विचार केला. "स्वयंपाकघरातलं टेबल डुगडुगत होतं ना, त्याच्या पायाखाली घातलंय बहुतेक. छान जाडीचं असतं ते."

जावईबापूंना धक्का बसला. स्वतःची कागदपत्रं ते प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत, एकीत एक घालून, उशाशी घेऊन झोपतात.

"सुरी कधी मिळेल?" स्वयंपाक्याने विचारलं.

"तपास पूर्ण झाल्यावर," रेक्टरबाई म्हणाल्या, आणि उठून स्वागतकक्षातल्या भिंतीवरचा फोटो त्यांनी खिळ्यावरून काढला. त्या क्षणी रस्त्यात गाडी थांबल्याचा आवाज आला. वकिलांनी पडदा बाजूला केला आणि लगेच सोडला.

"साहेब," ते म्हणाले. "गाडी लावायला जागा शोधताहेत."

५

"बसा सगळे," रेक्टरबाई म्हणाल्या. "गाडी लावेपर्यंत वेळ आहे. हा फोटो बघा."

गेस्ट हाउसच्या उद्घाटनाचा फोटो. वकील हसताहेत, तोंडभर. स्वयंपाक्याचे डोळे मिटलेले. समोरची हॉटेलवाली दुसरीकडेच बघतेय.

"आता हे तिघं बघा."

भाची, जावईबापू आणि एक्कावन्न. तिघं ताठ. तोंडं मिटलेली. नजर नाकासमोर. हसू नाही, मान वाकडी नाही, आणि भाचीने तर केस मागे घेऊन दोन्ही कान उघडे ठेवलेले. आनंदाच्या दिवशी तिघं असे उभे होते जणू कुणी गुन्हा विचारतंय.

"का गं अशी उभी राहिलीस?"

भाची ओशाळली. "सवय झालीय, आत्या. व्हिसाचे फोटो काढून काढून. हसलं की परत पाठवतात. कान दिसले नाहीत की परत पाठवतात. आता कॅमेरा दिसला की आपोआप..."

ती थांबली. फोटोकडे तिने पुन्हा पाहिलं. मग नवऱ्याकडे.

"इथल्या माणसाला ही सवय का लागेल?" रेक्टरबाई म्हणाल्या. "इथला माणूस कार्ड टेबलाखाली घालतो. सूचना वाचत नाही. सूचना पूर्ण वाचतो तो पाहुणा. ज्याला हाकलण्याची भीती असते तो."

"एक्कावन्न... परदेशी?" वकिलांचा आवाज आलाच नाही, नुसते ओठ हलले.

"आता रक्त." त्यांनी रुमाल उघडला. आत बेसिनमधले केस, आखूड, करडे, राठ. "खुनी माणूस आधी मिशी काढत नाही. मिशी त्यांनी स्वतः काढली. गरम पाणी मागवलं ते त्यासाठीच. हात थरथरत होता, कापलं. चाळीस वर्षांची मिशी माणूस एका रात्रीत का काढतो? जुन्या फोटोसारखं दिसायचं असतं म्हणून. जुना पासपोर्ट. त्यात मिशी नसणार. कार्ड दाखवायची पाळी आली, कार्ड नव्हतंच, म्हणून गडी पळून जायला निघाला."

"म्हणजे गेले!" जावईबापू उठले. "पळाले! आता आम्ही साहेबांना काय..."

"बसा, जावईबापू. वसतिगृहातून पोरगी गायब झाली की सगळे बसस्टँडवर धावायचे. मी आधी पायताण बघायचे. बूट पलंगाखाली आहेत. सपाता नाहीत. सपाता घालून कुणी देश सोडत नाही. ते घरातच आहेत, आणि मला वाटतं जिथे सगळ्या पोरी सापडायच्या तिथेच आहेत."

धप्, असं वरून झालं.

आम्ही सगळे जिना चढलो. वर चादरी आणि रजया ठेवायची खोली होती, लाकडी फळ्यांची. हाक मारली, उत्तर नाही. दार वाजवलं, नाही. जावईबापूंनी कडीला हात घातला. आत काय दिसेल या विचाराने भाचीने डोळे मिटले. मीही मिटले, पण वयोमानानुसार जरा किलकिले.

दार उघडलं.

रजयांच्या ढिगावर एक्कावन्न बसले होते. मिशी नसलेला चेहरा उघड्या जखमेसारखा दिसत होता. वरच्या ओठावर कागदाचा चिटोरा चिकटवलेला. मांडीवर लहानशी बॅग. पाय लोंबकळत होते आणि भीतीने हलत होते, आणि दर थोड्या वेळाने सपातेची टाच मागच्या फळीवर आपटत होती. धप्. त्यांना ते ऐकू येत नव्हतं. पाठ दाराकडे नव्हती, तरी त्यांनी आम्हाला उशिरा पाहिलं. डोळे पाण्याने भरले होते.

रेक्टरबाईंनी पर्समधून श्रवणयंत्र काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते कानात घालायला फार वेळ घेतला.

"मुद्दाम काढून ठेवलंत ना?" रेक्टरबाईंनी विचारलं.

"हाक ऐकू आली की ओ द्यावीच लागते," एक्कावन्न म्हणाले. "ऐकू आलं नाही तर माणूस खोटा ठरत नाही." मग भाचीकडे वळून, "पोरी, मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. इतकी वर्षं गेली, मला वाटायला लागलं मी इथलाच. काल ती म्हणाली, कार्ड पूस. रात्री पासपोर्ट काढला. आधी मिशी काढली, मग तारीख वाचली. तुझ्या जन्माआधी संपलाय."

भाची त्यांच्यावर ओरडेल असं मला वाटलं. तिचं घर, तिचा व्हिसा, सगळं या माणसाच्या गप्प बसण्यावर उभं होतं. ती त्यांच्या शेजारी रजयांवर बसली आणि रडायला लागली. तेही रडायला लागले. दोन परदेशी माणसं, ताठ बसून, कान उघडे ठेवून.

खालून घंटा वाजली.

६

साहेब किरकोळ अंगाचे होते. अशा माणसांचीच जास्त भीती वाटते. त्यांनी बॅग टेबलावर ठेवली, चष्मा पुसला, खिशाकडे हात नेला.

"तपासणी सुरू झाली का, विचार," रेक्टरबाई भाचीला म्हणाल्या.

"पेन काढलं की सुरू," साहेब म्हणाले.

"मग काढू नका!" भाची इतक्या जोरात ओरडली की साहेबांचा हात खिशातच राहिला. आणि तिने सगळं सांगून टाकलं. एका दमात, न थांबता, एक्कावन्नांचा हात धरून. वकिलांनी मधेच घसा साफ करून कलम सांगितलं: स्वतःहून, तपासणीआधी.

साहेबांनी खिशातला हात रिकामाच बाहेर काढला. नळ गळण्याचा आवाज तीन नंबरमधून खालपर्यंत येत होता.

"तुमचा इथे राहायचा परवाना चालू आहे?" त्यांनी एक्कावन्नांना विचारलं.

एक्कावन्नांनी बॅगेतून प्लॅस्टिकच्या पिशवीतली पिशवी काढली. चालू होता. दरवर्षी, वेळेआधी, रांगेत पहिला नंबर लावून नवा करून घेतलेला.

"मग तुम्हाला कोण घालवतंय? या परवान्याला पासपोर्ट लागत नाही. राहा की. फक्त भागीदार म्हणून चालणार नाही." साहेबांनी उसासा सोडला. "मुदत देतो. पण स्थानिक माणसाचं नाव आज लागेल. आहे कुणी?"

सगळ्यांनी समोरच्या हॉटेलवालीकडे पाहिलं. ती फार गोड हसली. भाचीच्या अंगावर काटा आला.

रेक्टरबाई मात्र स्वयंपाकघराकडे बघत होत्या.

टेबल चौघांनी उचललं. परवानगी असलेले दोघं होते, स्वयंपाकी आणि वकील. उरलेल्या दोघांनी नुसता हात लावल्यासारखं केलं. साहेबांनी स्वतः वाकून पायाखालून कार्ड काढलं, बाहीला पुसलं, फोटो बघितला. डोळे मिटलेले होते.

"हाच तो," ते म्हणाले, आणि पेन काढलं.

स्वयंपाक्याने सही केली. वकील जावईबापूंच्या कानाशी लागले, पण भीतीने त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला: "नीट समजून घ्या. आजपासून निम्म्याहून जास्त हॉटेल याचं. मनात आणलं तर हा तुम्हाला उद्या बाहेर काढू शकतो."

जावईबापूंचा चेहरा पुन्हा पांढरा झाला. एका माणसाच्या मुठीतून सुटून दुसऱ्याच्या मुठीत. आणि हा तर जिवंत, धडधाकट, आणि कुणाला न भिणारा.

स्वयंपाकी सहीकडे बघत होता.

"म्हणजे मी मालक?"

"हो," साहेब म्हणाले.

"मी सांगेन ते या सगळ्यांनी ऐकायचं?"

"कायद्याने, हो."

एक्कावन्नांनी श्रवणयंत्राकडे हात नेला. स्वयंपाक्याने आम्हा एकेकाकडे सावकाश पाहिलं आणि त्याची नजर रेक्टरबाईंवर येऊन थांबली.

"मग त्या बाईंना सांगा," तो म्हणाला, "माझी सुरी तेवढी परत द्या. टोमॅटो अर्धे राहिलेत."